शेवटचा फॉर्मा

शेवटच्या सोळा पानांचा कागद आधीच्या पानांहून किंचित जाड होता. डोळ्यांना तो फरक दिसत नव्हता. रंग तोच, जुन्या पुस्तकाला येतो तसा फिकट तपकिरी. छपाईही तशीच, ओळी उजवीकडे जराशा उतरत गेलेल्या. पण पान उलटताना अंगठ्याला आणि तर्जनीला कळत होतं, की आता हातात येतंय ते दुसरं काहीतरी आहे. तिने एकशे नव्वदावं पान चिमटीत धरलं, सोडलं, मग दोनशेवं धरलं. पुन्हा उलट क्रमाने. मग पुस्तक खिडकीशी नेऊन घड्यांच्या पोटात डोकावून पाहिलं. पुस्तक कधीतरी उसवून पुन्हा शिवलेलं होतं. आधीच्या घड्यांत जुन्या शिलाईची भोकं नव्या दोऱ्याच्या वरच्या अंगाला होती. शेवटच्या घडीत खालच्या अंगाला. म्हणजे ही घडी या पुस्तकात जन्मलेली नव्हती. छापखान्यात सोळा पानांच्या अशा घडीला फॉर्मा म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. बांधणाऱ्याच्या हातून एक फॉर्मा दुसऱ्या पुस्तकातला लागला होता, एवढीच गोष्ट. अशा चुका होतात. पंचाईत वेगळीच होती. ती सोळाही पानं तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं, बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत बसली होती, आणि तिला फार बरं वाटलं होतं. अंगठा बोलला तो त्यानंतर.

जेवणाची सुट्टी संपायला अजून अवकाश होता. आतल्या खोलीत, दोन दारांच्या पलीकडे, कुठल्याशा औषधांच्या कारखान्यातून तपासायला आलेली वजनं काचेखाली निवत ठेवली होती. वजनमापांच्या या प्रयोगशाळेत आलेलं वजन लगेच तोलत नाहीत. बाहेरचा उन्हाळा त्याच्या अंगातून निघून जाईपर्यंत थांबतात. खोलीचं आणि त्याचं तापमान एक झालं, की मग चिमट्याने उचलून काट्यावर ठेवतात, झडपा लावतात आणि श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून सोडतात. बोट लावायचं नाही. बोटाच्या ठशालाही वजन असतं. इतकी वर्षं हे काम केल्यामुळे की काय, प्रयोगशाळेबाहेर पडलं की तिची बोटं अधाशासारखी सगळं चाचपत सुटत: कापडाचा पोत, फळाची साल, दुसऱ्याच्या घरातल्या टेबलाची कड. खात्यात तिला मिलीग्रॅमबाई म्हणत, तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. नवऱ्याने ते एकदा ऐकलं आणि त्यातलं ग्रॅम आणि बाई गाळून मिली तेवढं घरी आणलं. तर अशी ही मिलीग्रॅमबाई, जिच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नाही, एका खुनाच्या तपासातून उठून सरळ अंतराळयानात जाऊन बसली होती आणि तिला पत्ताही लागला नव्हता.

तिने एकशे ब्याण्णवावं पान पुन्हा उघडलं. म्हातारा जमीनदार त्याच्या अभ्यासिकेत मेलेला सापडला होता, दार आतून बंद होतं, आणि आता सगळे दिवाणखान्यात जमले होते: मुलगी, जावई, वकील, दाई, माळी. पानाची शेवटची ओळ अशी होती: निरीक्षक उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि सगळ्यांकडे पाठ करून म्हणाला. समोरचं पान, एकशे त्र्याण्णव, आकडासुद्धा बरोबर, आणि पहिली ओळ: “इथून पृथ्वी दिसत नाही.” तिला ते वाक्य आवडलं होतं. वाटलं होतं, काय छान बोलला निरीक्षक. एवढी माणसं एका खोलीत जमली, प्रत्येकाच्या मनात आपापलं काळंबेरं, खिडकीबाहेर अंधार, त्याला दुसरं काय दिसणार. पुढे लोक इंधनाबद्दल बोलू लागले तेव्हा तिला वाटलं, बंगल्यातल्या शेकोटीचं चाललंय. परतीचा प्रवास म्हणजे वकिलाचा परतीचा प्रवास. दाई कुठे गेली हा प्रश्न तिला एकदा पडला, पण एवढ्या गर्दीत दाई गप्प बसली असेल. माणूस वाचतो तेव्हा किती समजूतदार होतो, लेखकाच्या बाजूने स्वतःच खुलासे करत राहतो. असंच ती घरातही करते की काय, हा विचार तिच्या मनात डोकावला आणि तिने तो दाराशीच उभा ठेवला.

त्या सोळा पानांत फारसं काही घडत नव्हतं. खूप लांब आलेली माणसं होती, त्यांना एका ग्रहावर पोचायचं होतं आणि तो ग्रह, सगळी गणितं बरोबर असूनही, असायला हवा त्या जागी नव्हता. कुणाची चूक नव्हती. गणित पुन्हा तपासलं, पुन्हा तेच आलं. मग कप्तानाने इंजिन बंद करायला सांगितलं. इतकी वर्षं ते इंजिन इतकं सतत चालू होतं, की त्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता. तो थांबल्यावर तो होता हे कळलं. आणि त्या शांततेत लोकांना एकमेकांचं ऐकू यायला लागलं. कुणाच्या घशात खरखर होती. कुणीतरी नखाने भांड्याची कड वाजवत होतं. एक बाई म्हणाली, अगं बाई, तू गुणगुणतेस होय? आणि दुसरी म्हणाली, मी रोजच गुणगुणते. तिथे पुस्तक संपलं. खुनी सापडला नाही. ज्या बाईने आयुष्यात एकही उघडा शेवट माफ केला नव्हता, ती त्या जागी पुस्तक मिटून बसून राहिली होती, आणि खांद्यांवरून कुणीतरी काहीतरी उचलून घेतल्यासारखं तिला हलकं वाटलं होतं. हलकं म्हणजे किती, हे सांगता येण्याची तिला सवय होती. हे सांगता येईना.

रहस्यकथेशी तिचं नातं लहानपणापासूनचं. मोठा भाऊ तिच्या आधी पुस्तक वाचून काढायचा आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. केवळ खोडी. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा त्याला चावली, तिसऱ्यांदा मुकाट्याने वाचायला बसली आणि तिला शोध लागला, की नाव माहीत असल्याने काहीच बिघडत नाही. तिला धक्का नकोच होता. तिला हवं होतं ते वेगळं: की तिसऱ्या प्रकरणात फुटलेला कप शेवटच्या प्रकरणात उगीच फुटलेला नसतो. कुत्रा भुंकला नाही याला कारण असतं. पावसात ओले झालेले बूट कुणाचेतरी असतात. जगात पडलेला प्रत्येक तुकडा कुठल्यातरी जागी चपखल बसतो आणि शेवटी टेबलावर काही शिल्लक उरत नाही. दादा म्हणायचा, तुला गोष्ट नको असते, तुला झाडलोट हवी असते. पुढे विज्ञान शिकताना तिला तीच झाडलोट भेटली, तेव्हा बरं वाटलं. आणि त्याहून पुढे, नोकरीत, हेही शिकायला मिळालं की कितीही झाडलं तरी थोडं उरतंच: प्रत्येक वजनाच्या दाखल्यावर आकड्याशेजारी अनिश्चितता लिहावी लागते. इतकं अधिक किंवा इतकं उणे. नव्या लोकांना ती स्वतः समजावून सांगायची, की ही चूक नव्हे. एवढ्या जागेत खरं उत्तर कुठेतरी आहे, पण नेमकं कुठे ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नाही हे लिहून देणं हाच प्रामाणिकपणा. सांगताना ते फार सोपं वाटायचं.

घरात तीन माणसं आणि लायब्ररीची तीन कार्डं. सासूबाईंचं सगळ्यांत जुनं. त्यांना लागत जादूच्या कादंबऱ्या, उशीएवढ्या जाड, पहिल्या पानावर कुठल्याही भूगोलात नसलेल्या देशाचा नकाशा असलेल्या. त्या आधी नकाशा वाचत, बोट फिरवत, इथून इथे जायला डोंगर आडवा येणार बघ, असं म्हणत, आणि मग गोष्टीला हात घालत. तिला त्या कादंबऱ्या वाचवत नसत. त्यांत सगळं आधीच ठरलेलं असायचं. एक भाकीत असायचं, आणि भाकितात एक मूल. अमुक खूण घेऊन मूल जन्माला येईल आणि राज्याचा अंधार फिटेल. चारशे पानं सगळं राज्य त्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. तिने एकदा न राहवून विचारलं होतं, की ते मूल आलंच नाही तर काय करतात हे लोक. सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं, आणि मग, बहुधा तिच्या चेहऱ्यावर काही दिसल्यामुळे, पुस्तकात बोट तसंच ठेवून म्हणाल्या होत्या, “आलं तरी काय मोठं सुख लागून गेलंय? राजवाड्यात मूल जन्मलं की समजावं, पुढची सातशे पानं कुणाला धड झोप नाही.” दोघी हसल्या होत्या. सासूबाई अशाच. त्यांनी कधी टोमणा मारला नाही, कधी शेजारणीच्या नातवाचं कौतुक वाजवीपेक्षा जास्त केलं नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं; भांडण तरी झालं असतं, आणि भांडणात खरं बोललं जातं.

नवऱ्याचं वाचन म्हणजे विज्ञानकथा. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम बघणारा माणूस. दिवसभर माणसं वर-खाली नेणाऱ्या डब्यांची उस्तवार करून घरी यायचा आणि पाय पसरून दुसऱ्या आकाशगंगेत निघून जायचा. त्या पुस्तकांबद्दल तिला आदर होता. त्यांत एकच गोष्ट मानायला सांगतात, समजा की असं असतं, आणि मग त्या एका समजाचा पाठलाग करत जातात, लबाडी न करता. पण ते समजा तिला सोसायचं नाही. समजा, वेळेवर मूल झालं असतं. समजा, मुलगी असती. आता ती शाळेत असती, तिला वाचता आलं असतं, लायब्ररीत चौथं कार्ड असतं आणि तिने कुठली पुस्तकं आणली असती यावर घरात तीन मतं पडली असती. समजाच्या मागे इतकं लांब जाऊन आल्यावर स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं असणं कठीण होतं.

तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. तिच्या, त्याच्या, पुन्हा तिच्या. डॉक्टरीणबाई मोकळ्या आणि हुशार होत्या. त्यांनी कागद तिच्यासमोर पसरले होते आणि एकेका आकड्यावर पेन टेकवत सांगितलं होतं, की तुमच्यात दोष नाही, यांच्यात दोष नाही, कारण सापडत नाही. हे ऐकून बाकीच्या बायकांना धीर येत असेल. तिला वाटलं, दार आतून बंद आहे, आत मेलेला माणूस आहे, आणि दिवाणखान्यातला प्रत्येकजण निर्दोष आहे. अशी गोष्ट असू शकत नाही. मग तिने निरीक्षकाचं काम स्वतःकडे घेतलं. संशयित एकच, त्यामुळे सोयीचं होतं. कॉलेजात फुटलेल्या तापमापकातला पारा तिने तळहातावर घेऊन खेळवला होता. लग्न उशिरा केलं. पहिली काही वर्षं मूल नको, आधी परीक्षा, असं तिनेच म्हटलं होतं. बसमागे धावण्याची सवय. रागाची सवय, तीही गिळून टाकायची. दिवाणखान्यात तिने स्वतःला कितीदा बोलावलं याला गणती नाही. पुरावा कधी पुरेसा निघाला नाही आणि आरोपी कधी सुटलाही नाही. उपचाराची एक फेरी, दुसरी फेरी, मध्ये थोडी विश्रांती, मग पुन्हा. सुया, गोळ्या, थांबणं, आणि शेवटी एक फोन, ज्यात पलीकडची सिस्टर नमस्कार म्हणते त्या आवाजावरूनच कळतं. आज संध्याकाळी नव्या फेरीसाठी जायचं होतं. तो कामावरून परस्पर तिथे येणार होता.

थांबावं, हे तिला बरंच आधी वाटून गेलं होतं. केव्हा, तेही नेमकं आठवत होतं: काट्यावर वजन ठेवून ती आकडा स्थिर व्हायची वाट बघत होती आणि आकडा स्थिर झाला आणि त्याचबरोबर आतही काहीतरी स्थिर झालं. नको. आता पुरे. इतकं स्पष्ट, की तिने आकड्याच्या जागी तेच लिहिलं नाही हे नशीब. पण घरी गेली तर तो कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टची गोष्ट रंगवून सांगत होता आणि सासूबाई हसून हसून डोळे पुसत होत्या, आणि तिला वाटलं, या दोघांच्या पुस्तकाचा शेवट आपण कोण फाडणार. त्याने एका शब्दाने तिला कधी रेटलं नव्हतं. तू म्हणशील तसं, म्हणायचा. तिला वाटायचं, मनात असल्याशिवाय कुणी इतकं जपून बोलत नाही. घरात एक लहान खोली होती. ती कशासाठी आहे हे कधी कुणी उच्चारलं नाही, पण तीत काही मांडलंही नाही. तिघांची पुस्तकं तिथे जमिनीवर रचलेली असत, भिंतीला टेकून, तात्पुरती. एकदा नवऱ्याने टेप घेऊन भिंती मापल्या होत्या, तीन फळ्या इकडे, दोन तिकडे, असं पुटपुटत. मग टेप सर्रकन आत सोडून म्हणाला होता, राहू दे, पुढे बघू. पुढे बघू हा त्या घरातला सर्वांत जास्त वापरला गेलेला शब्दप्रयोग होता. सुट्टीत कुठे जायचं, पुढे बघू. तिने खात्यातली वरची परीक्षा द्यायची का, पुढे बघू. पुस्तकांच्या त्या ढिगांना खालून वाळवीसारखी धूळ लागत चालली होती, आणि सगळं घर पान उलटायच्या बेतात बोट ओलं करून बसल्यासारखं बसलं होतं.

कामावरून सुटल्यावर ती लायब्ररीत गेली. लायब्ररीवाले काका टेबलामागे नेहमीसारखे एक पुस्तक खळीने चिकटवत बसले होते. सासूबाईंचं कार्ड आधीचं, त्यामुळे हिचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी ती सूनबाईच. या सूनबाई, म्हणाले, सापडला का खुनी? तिने पुस्तक समोर ठेवलं आणि शेवटचा फॉर्मा उघडून दाखवला. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. पान वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की तिला वाटलं आता हे रडतात की काय. पण ते हसू होतं, फक्त फार लांबून येत होतं. कपाट एकदा पावसाने भिजलं, तेव्हा हे आणि एक अंतराळयानाचं, अशी दोन पुस्तकं एकाच बैठकीत त्यांनी स्वतः उसवून शिवली होती. एकाच छापखान्याची, एकाच मापाची, पानंही तेवढीच. तिकडचा शेवटचा फॉर्मा इकडे आला, इकडचा तिकडे गेला.

“आणि तेव्हापासून फिरतंय हो हे,” काका म्हणाले. “शंभरेक लोकांनी तरी वाचलं असेल. एकाने तोंडातून ब्र काढला नाही. एक मास्तर तर मला सांगून गेले, शेवट फार खोल आहे म्हणून. मी म्हटलं, असेल बुवा.”

तिलाही हसू आलं. शंभर माणसं, आपापल्या घरी, दिव्याखाली, निरीक्षकाबरोबर निमूटपणे यानात चढलेली. प्रत्येकाला वाटलेलं, की आपल्यालाच कळलं नाही, इतरांना कळलं असणार. काका शिडीवर चढले आणि दुसरं पुस्तक घेऊन उतरले. उतरतानाच कार्ड चाळत म्हणाले, की हे तर तुमच्याच घरी जाऊन आलंय, यजमानांनी नेलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. मग टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून त्यांनी यानाच्या पुस्तकाची शेवटची पानं उघडली, आणि मोठा खजिना हाती लागल्यासारखा तळवा त्यावर ठेवला. म्हणाले, हा बसलाय इथे तुमचा खुनी. बघता, की मीच सांगू? सुरीने सोडवून आठवड्याभरात जागच्या जागी लावून देतो, काळजी नको.

तिने पानाच्या कडेकडे पाहिलं. हात पुढे केला असता तर झाडलोट पूर्ण झाली असती. कप, कुत्रा, ओले बूट, सगळं आपापल्या जागी. तिने वाट पाहिली, आत काही धावतंय का याची. काहीच धावलं नाही. म्हाताऱ्या जमीनदाराला कुणीतरी मारलं होतं, किंवा तो नुसताच मेला होता. दाईने असेल, माळ्याने असेल. या एवढ्या जागेत खरं उत्तर कुठेतरी होतं आणि नेमकं कुठे ते तिला माहीत नव्हतं, आणि दुपारपासून तिला बरं वाटत होतं ते यामुळेच. दिवाणखान्यातली माणसं घरी निघून गेली होती. त्यांच्यात एक बाईही होती, चिमट्याने वजन धरल्यासारखी स्वतःला धरून बसलेली; तीही इतरांबरोबर उठली होती आणि कुणी तिला अडवलं नव्हतं.

“नको काका,” ती म्हणाली. “सांगूही नका आणि सोडवूही नका. आहे तसंच असू दे.”

काकांना ते पटलं नाही. वाचक खुन्याला सोडून जातो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पण त्यांनी दोन्ही पुस्तकं तिच्या नावावर लिहिली आणि सासूबाईंसाठी नकाशावालं एक नवीन आलंय ते बाजूला काढून ठेवतो म्हणाले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या जोडीजोडीने होत्या, दोन खुर्च्यांना खालून एकच लोखंडी दांडी. एकजण हलला की दुसऱ्याला कळायचं. तिला हे पहिल्या दिवसापासून जाणवलं होतं. कुणी मुद्दाम केलेलं नसणार, पण इतक्या फेऱ्यांमध्ये तिने त्याला न पाहता, त्या दांडीतून, त्याचं सगळं ओळखायला शिकून घेतलं होतं. तो पाय हलवतोय, घड्याळ बघतोय, सुस्कारा गिळतोय. तो आला तेव्हा हाताला ग्रीसचा वास होता आणि नखं घासून लाल झाली होती. लिफ्ट कुठे अडकली होती, तिने विचारलं. तो म्हणाला, पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. आत नवरा-बायको होते, नवीनच लग्न झालेले असावेत. या प्रकारातली त्याची एक आवडती गोष्ट होती, त्याने ती आज पुन्हा सांगितली: एकटा माणूस अडकला तर लगेच घंटी दाबतो; दोन माणसं अडकली की बराच वेळ कुणीच दाबत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने दाबली असेल. शिवाय दुसरा एवढा शांत उभा आहे, तर आपण कशाला घाबरल्यासारखं करा. नेहमी ती या गोष्टीला हसायची. आज ती हसायची राहून गेली आणि त्याने दांडीतून ते ओळखलं असावं, कारण त्याचा हलणारा पाय एकदम थांबला.

तिने पिशवीतून यानाचं पुस्तक काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, याचा शेवट आठवतोय का. त्याने मुखपृष्ठ पाहिलं. न आठवायला काय झालं, म्हणाला. इंधन संपतं. कप्तान सगळ्यांना एका खोलीत बसवतो, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, तुमच्यापैकी एकजण खोटं बोलतोय. मग एकदम ओले बूट येतात, विहीर येते, बागेतलं दार.

“यानात विहीर?” ती म्हणाली.

“मला वाटलं, हवा कमी पडतेय, भास होतायत त्यांना. म्हटलं, भास काय झकास लिहिलाय.”

मग तिने त्याला भोकं दाखवली, जुन्या शिलाईची, वरची आणि खालची. दुसरं पुस्तक काढून ते निरीक्षकाचं वाक्य दाखवलं, आणि त्याला लागून आलेलं पृथ्वीचं. तो वाचत गेला. आधी खांदे हलायला लागले, मग दांडी, मग दोन्ही खुर्च्या. समोरच्या जोडीतली बाई मासिक खाली करून बघू लागली, इथे कुणी असं हसत नाही. पण त्याला आवरेना. इतकी वर्षं तिच्या खुन्याला तो आपल्या यानात घेऊन हिंडत होता आणि त्याचं इंजिन तिकडे तिच्या दिवाणखान्यात येऊन बंद पडलं होतं. डोळे पुसत त्याने विचारलं, की मग आमच्या लोकांचं शेवटी होतं काय. तिने सांगितलं. ग्रह सापडत नाही. कुणाची चूक नसते. ते इंजिन बंद करतात आणि त्यांना एकमेकांचं ऐकू यायला लागतं. तो ऐकत होता तसतसं त्याचं हसू उतरत गेलं, पण चेहरा मावळला नाही. उलट बराच वेळ आवळून धरलेली मूठ कुणी सोडवावी तसा सैलावला.

“दोनदा आणलंस म्हणे,” ती म्हणाली. “मग मला का नाही विचारलंस?”

त्याने पुस्तक मिटलं. अंगठा शेवटच्या पानांच्या कडेवरून फिरवला, वर, खाली.

“दुसऱ्यांदा थोडी शंका आली होती,” तो म्हणाला. “पण तू तुझं इतकं मन लावून वाचत असतेस. म्हटलं, एवढं लांब आल्यावर आता कुठे विचारायचं, की पुस्तकच चुकलंय का.”

तो कुठल्या पुस्तकाबद्दल बोलत होता हे त्याला तरी कळलं की नाही कोण जाणे. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता, जपून, तू म्हणशील तसं म्हणताना बघायचा तसा. तिला दिसलं, की हे जपणं म्हणजे इच्छा नव्हती. हा एक माणूस होता, पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये, शेजारचं माणूस एवढं शांत उभं आहे म्हणून स्वतःही शांत उभा राहिलेला. आणि ते शेजारचं माणूस कोण होतं, हे शोधायला कुठल्या निरीक्षकाची गरज नव्हती. तिला वाईट वाटायला हवं होतं, गेलेल्या वर्षांचं, टोचलेल्या सुयांचं. पुढे कधीतरी वाटेलही. आत्ता तिच्या लक्षात एवढंच आलं, की खोलीतल्या पंख्याला एक बारीक कुरकुर आहे, त्याच्या श्वासात किंचित शीळ आहे, आणि हे दोन्ही ती पहिल्यांदा ऐकते आहे.

दार अर्धं उघडलं. सिस्टरने नेहमीच्या मऊ आवाजात, या आत, म्हटलं. तो उठायला लागला. दांडी हलली, तिची खुर्ची हलली. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, उघडा, सगळ्या बोटांनी. तो पुन्हा टेकला. सगळं हलायचं थांबेपर्यंत तिने वाट पाहिली, कामावर पाहते तशी. मग ती बोलली, आणि आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच साधा निघाला.

“थांबू या आपण. मला ही फेरी नको, आणि पुढचीही नको. घरी जाऊ या, आणि त्या खोलीत पुस्तकांसाठी फळ्या ठोकून घेऊ.”